पोलिओच्या जुन्या रुग्णांनी जायचं कुठे?

मी दीड वर्षाची असताना तापाने फणफणले. ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडलेला होता. साल १९७३. मांडीवर हात दाबत चालायची सवय लागली आणि तशीच मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत २९ वर्षं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी मात्र फळ्यापाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी पाय थरथरू लागला. मग ज्याच्या भरवशावर आयुष्य काढलं तो उजवा पायही जिन्यावर दगा देऊ लागला. दोनदा पडले.

एका दवाखान्यात सांगितलं, वजन उतरवा, रोज अर्धा तास चाला. दुसरीकडे झिजेच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या ठिकाणचे तरुण डॉक्टर म्हणाले, पोलिओ झालेलं माणूस मी पहिल्यांदाच तपासतोय. मला त्यांचा राग आला नाही. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला, तेव्हा ते शाळेत असतील. पोलिओ गेल्याचा आनंद मलाही आहे. बाळांच्या करंगळीला शाई लावत मी कितीतरी रविवार बूथवर काढले आहेत.

माझ्या या त्रासाला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात, हे चौथ्या ठिकाणी कळलं. विषाणू परत येत नाही. लहानपणी मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी मेल्या, त्यांच्या वाट्याचे स्नायू उरलेल्या पेशींनी नवे फाटे फोडून सांभाळले. एवढं ओझं वाहून त्या काही दशकांनी थकतात. म्हणूनच 'भरपूर चाला' हा सल्ला आम्हाला बाधू शकतो. मी महिनाभर हट्टाने चालले आणि त्यानंतर स्वयंपाकघरात उभं राहणंही जड झालं. व्यायाम हवा, पण स्नायू दमायच्या आत थांबणारा, सोबत विश्रांती आणि पायाला आधार देणारा, नीट बसणारा हलका कॅलिपर. हे ठरवायला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि कॅलिपर बनवणारा यांनी रुग्णाला एकत्र पाहायला हवं.

आमच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' असा शब्द असतो. कायमस्वरूपी म्हणजे न बदलणारं, असं सगळे धरून चालतात, आणि खरी चूक इथेच होते.

सरकार काही देत नाही असं मी म्हणणार नाही. साहित्यवाटपाची शिबिरं होतात, मलाही कॅलिपर मिळाला. माप घेतल्यावर पाच महिन्यांनी आला, तो गुडघ्याचा सांधा दोन बोटं खाली घेऊन. दुरुस्त करायला कुणी नव्हतं. तो आज कपाटावर आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्राची पुनर्वसन संस्था आहे, पण लांबच्या तालुक्यातून तिथे जायचं तर एका फेरीला दोन दिवस आणि सोबत एक माणूस लागतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरोग्यसेवा आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. राज्यात २०२२पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. माझी मागणी मोठी नाही. जिल्हा रुग्णालयांत अपंगत्वाची टक्केवारी ठरवायला डॉक्टर बसतातच. महिन्यातून एक दिवस तिथेच मोठ्या वयाच्या अस्थिव्यंगांचं चालणं तपासणारी ओपीडी सुरू करावी आणि दिलेला कॅलिपर दुरुस्त करणारा कारागीर त्या दिवशी हजर असावा. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांनाही तिचा उपयोग होईल, चाळिशीनंतर त्यांच्यापैकी अनेकांचं चालणं असंच खालावतं.

पोलिओचे रुग्ण आता उरले किती, असं कुणी म्हणेल. २००८च्या सुमारास पोलिओ झालेली मुलं आज विशीच्या आत-बाहेर आहेत. माझ्या वयाला ती २०६०च्या आसपास पोचतील.

मुख्याध्यापकांनी मला तळमजल्यावरचा वर्ग दिला आहे. निवृत्तीला चार वर्षं आहेत. ती मला फळ्यापाशी उभं राहून शिकवायची आहेत.

– एक शिक्षिका, सातारा जिल्हा