आकाशातील पहिले रणांगण

बालमित्रांनो, मागील अंकात आपण राइट बंधूंच्या उड्डाणाची कथा वाचली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्या खेपेस अवघे १२ सेकंद हवेत राहिले होते. पुढे अकरा वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात पहिले महायुद्ध भडकले आणि लाकूड व कापड यांचे हे नवजात वाहन रणांगणात उतरले.

आरंभी त्याचे काम केवळ पाहण्याचे होते. शत्रूचे सैन्य कोठे आहे, तोफा कोठे लपविल्या आहेत, हे वैमानिक वरून टिपून येत. पण आपले गुपित शत्रूने पाहू नये, असे दोन्ही पक्षांना वाटणारच. म्हणून वैमानिक सोबत पिस्तूल, बंदूक नेऊ लागले. मशीनगन बसवायची तर निराळीच अडचण! नेम साधण्यासाठी ती वैमानिकाच्या समोर हवी. परंतु समोर तर विमानाचा पंखा गरगरत असे. गोळ्या आपल्याच पंख्याचे तुकडे करतील, त्याचे काय?

१९१५ मध्ये रोलाँ गारोस या फ्रेंच वैमानिकाने पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसविल्या. पात्यावर आदळणारी गोळी त्यांवरून घसरून बाजूस जाई. त्याच वर्षी जर्मनीतील फॉकर यांच्या कारखान्याने याहून सरस युक्ती योजली. पंख्याच्या गतीशी बंदुकीची अशी सांगड घातली की, गोळ्या नेमक्या दोन पात्यांमधील मोकळ्या जागेतून जाव्यात. आता विमानाचे नाक ज्या दिशेला, त्या दिशेला मारा. पाहणारे विमान मारणारे झाले.

या आकाशात कोलकात्यात जन्मलेला एक भारतीय तरुणही होता. त्याचे नाव इंद्रलाल रॉय. लंडनमध्ये शिकत असलेला इंद्रलाल १८ व्या वर्षी ब्रिटिश हवाई दलात दाखल झाला. एका अपघातात जखमी होऊनही तो पुन्हा उड्डाणास सज्ज झाला. जुलै १९१८ मध्ये, दोन आठवड्यांच्या आत, त्याच्या नावे दहा हवाई विजय नोंदले गेले. त्यांतील काही सहकाऱ्यांसमवेतचे होते. २२ जुलै रोजी फ्रान्सच्या आकाशात झालेल्या चकमकीत त्याचे विमान कोसळले. तेव्हा तो अवघा १९ वर्षांचा होता. शौर्यपदक त्याला मरणोत्तर मिळाले.

मित्रांनो, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हवाई छत्री तेव्हा अस्तित्वात होती. दोरखंडाने बांधलेल्या फुग्यांतून टेहळणी करणाऱ्यांना ती मिळत असे. जर्मन वैमानिकही १९१८ मध्ये ती वापरू लागले होते. ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत ती दिली गेली नाही. चार वर्षांत बंदूक पंख्याआडून अचूक मारा करू लागली. पण ती चालविणाऱ्या मुलाच्या पाठीवर एक छत्री चढली नाही.

इंद्रलालच्या धैर्यास वंदन करू या. मात्र ‘दहा विजय’ हे शब्द वाचताना समोरच्या विमानांतही त्याच्याच वयाची मुले असतील, हे विसरू नका. यापुढे एखाद्या यंत्राचे कौतुक ऐकाल, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा: त्यात बसणाऱ्या माणसाचा विचार कोणी केला होता काय?