आधी बिल, मग पुरावा?

एक लाख वीस हजार. डॉक्टरांनी कागदाच्या कपट्यावर आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि तो कपटा माझ्याकडे नाही, माझ्या बायकोकडे सरकवला. नाशिकहून वणीला परतताना एसटीत ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "टोमॅटोचं पेमेंट आलं की भरून टाकायचे का?"

दुखणं काय, तर माझ्या टाचेमागची शीर. चैत्रात वणीच्या गडावरून उतरताना ती दुखावली, आणि पुढे तीन महिने सकाळचं पहिलं पाऊल टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं. उपाय असा सांगितला, की कमरेच्या हाडातून स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, काढायच्या, शिरेत सोडायच्या, मग "नवी शीर तयार होते." मी लिहितोय ते या एका वाक्यासाठी. हे वाक्य खोटं आहे, आणि ते बोलून पैसे घेणं ही लूट आहे.

जिला आपण शीर म्हणतो ती कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारा कोलॅजनचा दोर. तिला रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून ती भरून यायला महिनोन्‌महिने लागतात, आणि भरली तरी तिथे वणासारखा कच्चा धागा राहतो. मूळपेशींनी हा धागा सुधारेल का, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर जगभर कष्टाने काम चाललंय. त्या शास्त्रज्ञांशी माझं भांडण नाही. उलट, त्यांच्या अर्धवट कामावर दुकान मांडणाऱ्यांनी त्यांचाच घात केलाय. या पेशींना १९९१ मध्ये 'मेसेनकायमल स्टेम सेल' हे नाव देणारे अमेरिकेतले आर्नल्ड कॅप्लन २०१७ मध्ये स्वतःच म्हणाले, की हे नाव बदला. या पेशी शरीरात गेल्यावर नवे अवयव घडवत नाहीत, आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप देतात, आणि 'स्टेम सेल' म्हटल्याने रुग्णांची दिशाभूल होते.

त्या दवाखान्याच्या भिंतीवर शर्यतीच्या घोड्याचं चित्र होतं. घोड्यांवरचं काम मोठं आहे, हे कबूल. ब्रिटनमध्ये १४१ घोड्यांच्या पायाच्या कंडरेत अशा पेशी सोडल्या, त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. पुढे ज्यांचा मागोवा घेतला त्यांपैकी सुमारे २७ टक्के घोड्यांना पुन्हा दुखापत झाली. इतर उपचारांच्या जुन्या नोंदींपेक्षा हा आकडा कमी, म्हणून आशा वाटावी. पण तुलना जुन्या नोंदींशीच होती. माणसांवरचे बहुतेक प्रयोग तर मूठभर रुग्णांचे. एवढ्यावर शेतकऱ्याच्या टोमॅटोच्या पैशाला हात घालायचा?

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या व तत्सम आजारांसाठी होणारं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं संशोधन. ते नोंदणी झालेल्या चाचणीतच करायचं, आणि रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. दुसऱ्या खेपेला मी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितला. उत्तर मिळालं, "तुम्हाला बरं व्हायचंय की नंबर पाहिजे?" मला दोन्ही पाहिजे होतं. बरं करण्याचा दावा करणाऱ्याकडे आधी नंबरच मागायचा असतो.

आणि जे तपासलंय, ते मला कोणीच सांगितलं नाही. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये माझ्यासारखंच जुनं दुखणं असलेल्या १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं केलं. चवड्यावर वजन घेऊन टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ च्या तीन फेऱ्या, गुडघा वाकवून तेवढ्याच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा पळू लागले. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांनाच एवढा गुण आला नाही, आणि पूर्ण तुटलेल्या शिरेची गोष्टच वेगळी. पण यात खर्च शून्य. मी ओट्याच्या पायरीवर, भिंतीला हात टेकून हे केलं. पहिले दोन आठवडे जास्तच दुखलं. चौथ्या महिन्यात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन द्राक्षाच्या बागेत गेलो.

पायरीचं बिल फाडता येत नाही, म्हणून पायरी कोणी लिहून देत नाही.

माझं निभावलं, कारण मला वाचता येतं आणि चार ठिकाणी विचारता येतं. गोडी छाटणीनंतर सुरगाणा-पेठहून आमच्या बागांत येणाऱ्या बायका दिवसभर हात डोक्याच्या वर धरून द्राक्षाचे घड डिपिंगच्या औषधाच्या कपात बुडवतात, मग त्याच हातांनी विरळणी करतात. त्यांचे खांदे जातात. कपटा त्यांच्याही हातात पडेल, आणि त्या उचल घेऊन पैसे भरतील. तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट हवा, आणि नोंदणीशिवाय स्टेम सेलची सुई टोचणाऱ्याचा परवाना जायला हवा. पुढच्या छाटणीच्या आत.