पगार तोंडी, उचल वहीत

नवी पेठेतली दुकानं रात्री शटर ओढू लागतात, तेव्हा हॉटेलांत गर्दी वाढते. अशाच एका रात्री जेवताना वेटरला सहज विचारलं, ‘पगार किती?’ तो म्हणाला, ‘शेठ देतात तेवढा.’ उचल किती झाली, ते मात्र त्याला पाठ होतं. ती शेठच्या वहीत तारखेनिशी लिहिलेली असते.

म्हणजे कामगार मालकाला किती देणं लागतो, याची नोंद आहे. मालक कामगाराला किती देणं लागतो, याची नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी नेमणूकपत्राची पानंच्या पानं हातात आली. माझ्या बरोबरीचे, माझ्याच मोहल्ल्यातले कितीतरी जण हॉटेलांत काम करतात. त्यांच्याकडे कागदाचा चिटोराही नाही.

2025 मध्ये या कामगारांचे नियम दोनदा बदलले, आणि दोन उलट्या दिशांनी बदलले.

पहिला बदल राज्याचा. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 चा. हॉटेलंही त्यातच येतात. त्यात 8 किरकोळ रजा, ओळखपत्र आणि 8 भरपगारी सुट्ट्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेले आणखी चार सण. ईदची भरपगारी सुट्टी या चारांत बसते. आपल्याच माणसाच्या बिर्याणी हॉटेलात मोरीवर भांडी घासणाऱ्या हिंदू कामगाराची दिवाळीही त्यातच बसते. हा कायदा 10 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. आता ती मर्यादा 20 झाली आहे. शिवाय दिवसाचे कामाचे तास 9 वरून 10 झाले आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा 125 तासांवरून 144 तासांवर गेली. आठवड्याचे 48 तास तेवढेच राहिले. नवी पेठेत आणि आसपास 20 कामगार असलेली हॉटेलं किती असतील? मोजून पाहा. 12-15 जणांचं हॉटेल, म्हणजे वस्ताद, त्याचे हाताखालचे, वेटर, काउंटर, या बदलाने कायद्याबाहेर गेलं.

दुसरा बदल केंद्राचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. या संहितांवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यातले बरेच मला पटतात. पण वेतन संहितेतल्या काही गोष्टी लहान हॉटेलातल्या कामगाराच्या उपयोगाच्या आहेत. किमान वेतन आता ठरावीक उद्योगांपुरतं नाही, सगळ्यांना आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत झाला पाहिजे. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. ‘खाणं-राहणं आमच्याकडे, म्हणून पगार कमी’ हे नेहमीचं उत्तरही पूर्ण चालत नाही: पैशांऐवजी वस्तुरूपात काही दिलं, तर मजुरीच्या 15 टक्क्यांपर्यंतच ते मजुरीत धरता येतं. ग्लास फुटला म्हणून परस्पर पैसे कापता येत नाहीत, आधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि पगारचिठ्ठी द्यावीच लागते, हॉटेलात चारच माणसं असली तरी. 10 किंवा जास्त कामगार असतील, तर दुसऱ्या एका संहितेनुसार नेमणूकपत्रही.

यातलं सगळ्यात मोलाचं कलम कुणी फारसं सांगत नाही. पगार मिळाला नाही अशी तक्रार झाली, तर पगार दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. म्हणजे कागद ठेवणं मालकाच्याही फायद्याचं आहे.

मालक म्हणतील, धंदा लहान आहे, कागदांची कटकट परवडत नाही. मला हे पटत नाही. त्यांच्या काउंटरवर क्यूआर कोड आहे. झोमॅटोने कमिशन जास्त कापलं, तर ते स्क्रीनशॉट काढून भांडतात. हिशेब त्यांना उत्तम येतो. तो कोणासाठी ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे. ‘घरच्यासारखा ठेवतो’ असंही ते सांगतात, आणि अनेकजण खरंच मायेने वागवतात. पण माया आटली, की कामगाराच्या हातात काही उरत नाही.

मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, ही हदीस आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकली आहे. सूरह बकरातली कुरआनमधली सर्वात लांब आयत देण्याघेण्याची लिखापढी करायला सांगते, आणि मजकूर सांगण्याची जबाबदारी देणेकऱ्यावर टाकते. ती कर्जाच्या व्यवहाराबद्दल आहे, हे मान्य. पण महिनाभर काम आधी होतं आणि पैसे मागून मिळतात. त्या महिनाभरात देणेकरी कोण असतो? मालकच. मग वहीत उचलीच्या शेजारी पगारही लिहिला गेला पाहिजे.

दरवर्षी 12 जानेवारीला सोलापूर चार हुतात्म्यांना अभिवादन करतं. 1931 मध्ये येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांत कुर्बान हुसेन होते. वर्तमानपत्र चालवणारे आणि गिरणी कामगारांत काम करणारे. गिरणीत हजारो कामगार एका फाटकातून आत जात, म्हणून एकत्र येऊ शकले. हॉटेलातले कामगार इथे पाच, तिथे आठ असे विखुरलेले आहेत. त्यांच्यासाठी फाटक नाही, म्हणून आपल्यालाच दारोदार जावं लागेल.

सुरुवात लहान असू दे. ओळखीच्या एका हॉटेलमालकाबरोबर बसा. नाव, काम, पगार, तास, आठवड्याची सुट्टी, उचल एवढ्या सहा ओळींचा कागद करून द्या, दोघांच्या सह्या घ्या आणि त्याचा फोटो कामगाराच्या मोबाइलमध्ये राहू द्या. घरात वलीमा असेल, तर केटररला ताटाचा भाव विचारताना वाढपींना काय देता, हेही विचारा. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर उत्तर तयार ठेवावं लागतं.