‘नियमितपणे’ म्हणजे काय? : शाळा, सहल आणि दंड

एका क्रियाविशेषणाच्या अर्थावरून वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा, ही गोष्ट भाषेच्या अध्यापकांना क्वचितच लाभते. इंग्लंडमध्ये तसे घडले. आइल ऑफ वाइट या बेटावरील एका पालकाने एप्रिल २०१५ मध्ये शाळा चालू असताना आपल्या मुलीला फ्लॉरिडातील डिस्ने वर्ल्ड पाहायला नेले. शाळेचे सात दिवस बुडाले. मुख्याध्यापकांनी परवानगी आधीच नाकारली होती. स्थानिक परिषदेने ६० पौंडांचा दंड केला, तो मुदतीत न भरल्यामुळे १२० पौंड झाला, आणि तोही न भरल्यामुळे खटला उभा राहिला. १९९६ च्या शिक्षण कायद्याचे ४४४ वे कलम सांगते, की शाळेत नाव घातलेले मूल तेथे ‘रेग्युलर्ली’ हजर राहिले नाही तर पालक गुन्हेगार ठरतो. या पालकाचा सवाल साधा होता : नव्वद टक्क्यांहून अधिक दिवस शाळेत असलेल्या मुलीची हजेरी नियमित नाही, असे कोणत्या भाषेत म्हणता येईल?

स्थानिक दंडाधिकाऱ्यांना हा सवाल पटला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयालाही पटला. ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मात्र एकमताने उलट निकाल दिला. निकालपत्र लेडी हेल यांचे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अर्थनिर्णयनाचा नमुना म्हणून ते जरूर वाचावे, असे आम्ही सुचवू.

त्यात ‘रेग्युलर्ली’ या शब्दाचे तीन संभाव्य अर्थ मांडले आहेत. पहिला, ठरावीक अंतराने. हा लगेच बाद होतो, कारण दर सोमवारी न चुकता शाळेत जाणारे आणि उरलेले चार दिवस घरी बसणारे मूलही या अर्थाने नियमितच ठरेल. दुसरा, पुरेशा वेळा. पालकाची भिस्त याच अर्थावर होती. तिसरा, शाळेने घालून दिलेल्या नियमांनुसार. न्यायालयाने हा तिसरा अर्थ स्वीकारला. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे आधी ठाऊक नसेल तर आपण गुन्हा करतो आहोत की नाही हे पालकाला कळणार नाही, आणि फौजदारी कायद्यात अशी संदिग्धता चालत नाही, हे त्यामागचे एक कारण. पदरमोड आणि गैरसोय सोसून नियम पाळणाऱ्या इतर पालकांवर अन्याय होतो, हे दुसरे. परवानगीशिवाय गेलेल्या मुलाचेच नव्हे तर साऱ्या वर्गाचे काम विस्कटते, हे तिसरे.

दुसऱ्या अर्थाचा अनुभव आपल्याकडील महाविद्यालयांना चांगलाच आहे. पंचाहत्तर टक्के हजेरीचा आपला दंडक ‘पुरेशा वेळा’ याच अर्थावर उभा आहे. त्याचे काय होते, हे प्रत्येक अध्यापक जाणतो. उरलेले पंचवीस टक्के ही सवलत न राहता हक्क बनते, आणि सत्राच्या अखेरीस विद्यार्थी तासांची बेरीज-वजाबाकी करीत बसतात. तेव्हा न्यायालयाची अडचण आम्हांला समजते. एकदा ‘पुरेसे’ म्हटले, की अपुरेपणाची सीमा कोठवर ताणता येते याचीच परीक्षा सुरू होते.

तरीही स्वीकारलेल्या अर्थाने आमचे समाधान होत नाही. मराठीत ‘नियमित’ या शब्दाच्या पोटात ‘नियम’ आहेच, आणि इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील ‘रेग्युला’, म्हणजे नियमच आहे. तेवढ्यापुरते न्यायालय व्युत्पत्तीला धरून आहे. परंतु आपल्याकडे ‘तो नियमाने वारी करतो’ असे म्हणतात तेव्हा तो नियम कोणी वरून लादलेला नसतो. वारकऱ्याने तो स्वतःच घेतलेला असतो. यम-नियमांतला ‘नियम’ही याच जातीचा, स्वतःला घालून घेतलेल्या शिस्तीचा. इंग्लंडच्या न्यायालयाने नियमितपणाला आज्ञापालनाशी समीकृत केले, आणि ही दुसरी छटा पुसली गेली. या निकालानुसार परवानगीशिवायचा एक दिवससुद्धा गुन्हा होऊ शकतो. किरकोळ प्रसंगी खटला न भरण्याचे तारतम्य अधिकाऱ्यांनी दाखवावे, एवढीच त्यावरची उपाययोजना. कायद्याचा अर्थ कठोर आणि अंमलबजावणी दयाळू, ही रचना आम्हांला सुरक्षित वाटत नाही. अशा रचनेत दया कोणाच्या वाट्याला येते, हे शेवटी अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठरते.

या वादात सुशिक्षितांचा एक पूर्वग्रह हळूच शिरतो, तो येथेच बाजूला केला पाहिजे. डिस्ने वर्ल्ड हे नाव ऐकले की आपल्यासारख्या साहित्याच्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. बोद्रियारने १९८१ मध्ये डिस्नेलँडविषयी लिहिले, की त्याच्या भिंतींबाहेरचे जग खरे आहे असा भास टिकवण्यासाठीच ते काल्पनिक म्हणून मांडलेले असते. उंबेर्तो एकोनेही त्याआधी अशा कृत्रिम नगरींची चिकित्सा केली. ही चिकित्सा मोलाची आहे, पण ती येथे गैरलागू आहे. हाच पालक मुलीला फ्लॉरिडाऐवजी फ्लॉरेन्सला चित्रसंग्रहालये पाहायला घेऊन गेला असता, तर कायद्याच्या दृष्टीने गुन्हा तोच राहिला असता. आपण मात्र त्याला ‘शैक्षणिक अनुभव’ म्हणून सहज माफ केले असते. कोणाची सहल ज्ञान ठरते आणि कोणाची चैन, हे ठरवणारी आपली रुची वर्गीय असते. म्हणून उद्यानाच्या उथळपणाचा मुद्दा आम्ही मांडणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला आईवडिलांबरोबर पाळण्यात बसून किंचाळण्यात जो आनंद मिळतो, त्याला कोणत्याही सिद्धान्ताची परवानगी लागत नाही.

शाळा बुडवून सहकुटुंब बाहेर पडण्याची रीतही नवी नाही. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप या वेलीची फुले खुडण्यासाठी लंडनच्या पूर्व भागातील गरीब कुटुंबे एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत दर सप्टेंबरात केंट परगण्यात जात. आया, आज्या, मुले, सारे झोपड्यांत राहत, दिवसभर फुले खुडत, रात्री शेकोटीभोवती गात. कष्टांचे काम, पण शहराच्या धुरातून सुटकेचे तेवढेच चार आठवडे. त्या कुटुंबांच्या लेखी सुट्टी म्हणून जी काही होती ती हीच. जॉर्ज ऑर्वेल १९३१ मध्ये स्वतः तेथे मजुरीला गेला होता, आणि ‘अ क्लर्जीमन्स डॉटर’ या १९३५ च्या कादंबरीत ते जग येते. मुलांची शाळा अर्थातच बुडे आणि हजेरी अधिकारी हैराण होत. तथापि केंटमधल्या कित्येक शाळांनी आपली मोठी सुट्टीच हॉपच्या हंगामाशी जुळवून घेतली होती. शाळेचे वेळापत्रक लोकांच्या जगण्याकडे पाहून हलू शकते, याचा हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आणखी एक गंमत शब्दाची : ‘हॉलिडे’ हा मूळचा ‘होली डे’, पवित्र दिवस. ४४४ व्या कलमात पालकांच्या धर्मपंथाने पाळावयाच्या दिवशी गैरहजर राहण्याची मुभा आजही आहे. म्हणजे कायद्याने शब्दाचा जुना अर्थ सांभाळला आणि नवा दंडनीय ठरवला.

पण आजच्या पालकाची अडचण पवित्र नाही, ती हिशेबाची आहे. शाळांना सुट्टी लागताच विमानाची तिकिटे आणि निवासाचे दर चढतात, कारण त्या आठवड्यांत साऱ्या कुटुंबांना एकदमच बाहेर पडायचे असते. सुट्टी उलटली की ते उतरतात. २०१३ पर्यंत इंग्लंडमधील मुख्याध्यापक ‘विशेष परिस्थिती’त वर्षाला दहा दिवसांपर्यंत कौटुंबिक सहलीसाठी रजा देऊ शकत. त्या वर्षी ‘विशेष’च्या जागी ‘अपवादात्मक’ हा शब्द आला आणि दार जवळजवळ बंद झाले. पुन्हा एकदा एका विशेषणाने शेकडो घरांचे बेत बदलले. महासाथीनंतर गैरहजेरी वाढली, तेव्हा ऑगस्ट २०२४ पासून दंड ६० वरून ८० पौंडांवर नेण्यात आला. एकवीस दिवसांत न भरल्यास १६०. हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला होतो, म्हणजे आईवडील आणि दोन मुले अशा घराला किमान ३२० पौंड.

याने सहली थांबल्या काय? २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात इंग्लंडमध्ये असे सुमारे ४ लाख ८७ हजार दंड झाले. त्यांतील दहांपैकी नऊ कौटुंबिक सहलींसाठीच होते. पालक तिकिटाच्या शेजारी दंडाची रक्कम लिहितात, बेरीज सुट्टीच्या दरापेक्षा कमी भरली की निघतात. इस्राएलमधील हैफा शहराच्या पाळणाघरांविषयी २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे आठवतो. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावताच उशिरा येणारे वाढले, आणि दंड रद्द केल्यावरही घटले नाहीत. पूर्वी उशीर करताना शिक्षिकेपुढे संकोच वाटे. दंड लागल्यावर तो सेवेचा दर झाला. दर भरणाऱ्याला संकोच कसला?

दंडाला आमचा तत्त्वतः विरोध नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या रुपयाला नैतिक वजन होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पाटीपासून दूर ठेवले, त्यांच्या मुलांच्या बाजूने राज्यसत्ता उभी राहत होती, आणि समोर फी माफ केलेली शाळा होती. मुलाच्या मजुरीच्या आणि गुराख्याच्या कामाच्या विरुद्ध पारड्यात तो रुपया पडत होता. इंग्लंडमधले ८० पौंड विमानाच्या तिकिटातील सवलतीच्या विरुद्ध पारड्यात पडतात आणि वर उचलले जातात. शिवाय हा दंड ज्यांना परवडतो त्यांच्यासाठी शुल्क असतो, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शिक्षा. ज्या मुलांची शाळा आजारपणाने, भीतीने किंवा घरातल्या ओढगस्तीने महिनोन्‌महिने सुटते, त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. सहलीचे सात दिवस मोजायला सोपे, म्हणून मोजले जातात.

मग शाळा बुडवावी काय? आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. मात्र त्याचे कारण नियमात सापडत नाही, ते वर्गात सापडते. गैरहजेरीत अभ्यासक्रम बुडतो असे सर्व धरून चालतात, पण अभ्यासक्रम वहीवरून उतरवून घेता येतो. उतरवता येत नाही तो तास. कविता शिकवताना कोणी एक विद्यार्थी भलताच अर्थ सांगतो, दुसरा त्याला हरकत घेतो, शिक्षक थबकतात, आणि त्या अर्ध्या तासात त्या पन्नास जणांची अशी एक समजूत तयार होते जी कोणत्याही मार्गदर्शकात छापलेली नसते. पुढच्या महिन्यात शिक्षक नुसते ‘त्या दिवशीचे आठवा’ म्हणतात आणि वर्ग हसतो. जो नव्हता त्याला टिपणे मिळतात, ते हसू मिळत नाही. आणि तो नव्हता म्हणून वर्गालाही त्याची एक हरकत मिळत नाही. ही हानी न्यायालयाला दिसली होती. वर्गाचे काम विस्कटते, असे त्याने म्हटलेच. दुर्दैव हे, की निकालाचा कणा त्याने त्यावर न रचता आज्ञापालनावर रचला.

वर्ग हे कारण मानले, तर जबाबदारी दोन्हीकडे येते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना चित्रपट लावून बसवणाऱ्या शाळेने त्याच आठवड्यातल्या सहलीसाठी पालकाला गुन्हेगार म्हणू नये. बुडू नये असे काही तेथे असले पाहिजे. आणि कॅलेंडर हलले पाहिजे. फ्रान्सने हिवाळी आणि वासंतिक सुट्ट्यांसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत, जर्मनीची राज्ये उन्हाळी सुट्टी आळीपाळीने घेतात. त्याने भाव पूर्ण उतरत नाहीत, पण सारा देश एकाच शनिवारी विमानतळावर लोटत नाही. वेल्समध्ये दहा दिवसांपर्यंत रजेचा विवेकाधिकार मुख्याध्यापकांकडे आजही आहे. इंग्लंडने तो २०१३ मध्ये काढून घेतला, तो परत द्यावा, असे आम्हांला वाटते. ज्या मुख्याध्यापकाला मूल ठाऊक आहे, त्याचे घर ठाऊक आहे, आणि त्या आठवड्यात वर्गात काय चालले आहे हे ठाऊक आहे, त्याच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला दोन्हींना अर्थ असतो. छापील नोटिशीच्या ‘नाही’ला फक्त किंमत असते, आणि ती किती हे पालकांना आता पाठ झाले आहे.

न्यायालयाने तीन अर्थ पाहिले. चौथा अर्थ कायद्याने देता येण्याजोगा नाही, हे आम्हांला मान्य आहे. वारीचा नियम कोणत्याही राज्यसत्तेला अध्यादेशाने घालता आलेला नाही. पण मुलाने शाळेत नियमाने यावे असे ज्या शिक्षकांना आणि पालकांना वाटते, त्यांनी वाट पाहावी ती त्याच अर्थाची, आणि वर्ग असा चालवावा की एक दिवस चुकला तर मुलालाच चुटपुट लागावी.