आडनावाचा धडा

माझी मावशी पन्नाशीत न्यू जर्सीला पोराकडं गेली. शाळा चौथीपर्यंत. पोरानं मोबाईलवर ‘यूएसए लर्न्स’ लावून दिलं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो काउंटीच्या शिक्षण खात्यानं काढलेलं, फुकट. फी नाय, आडनाव ऐकून तोंड वाकडं करणारा मास्तर नाय. भांडी उरकून बाई कानात बोंडं घालते, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं ते घोकते. चुकलं तर पुन्हा. यंत्र हसत नाही. इथं आमच्या बायांना हसल्याशिवाय इंग्रजी कुणी शिकवलं होतं?

पण दोस्तांनो, बसचं तिकीट आलं, बँकेचा फॉर्म आला, म्हंजे जगणं आलं काय? भिशीतली देशी बाई गोड हसून विचारते, “आडनाव काय म्हणालात?” ह्याचा धडा कुठाय? सिएटल शहरानं २०२३ साली जातीय भेदभावावर बंदी घातली. त्याच साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच बिल पास केलं आन् गव्हर्नरनं ते परत पाठवलं. जातीला व्हिसा लागत नाही, कायद्याला मात्र सही लागते.

तेव्हा हा धडा आपणच लिहायचा. मराठीतून, मोबाईलवर, फुकट. आडनाव न सांगण्याची वाक्यं, तक्रारीची वाक्यं, सरळ ‘नाही’ म्हणण्याची. सगळ्यात आधी तेच.

मावशी आता नागरिकत्वाच्या परीक्षेला बसतेय. त्यात मार्टिन ल्यूथर किंगवर प्रश्न असतो. परवा फोनवर म्हणाली, “त्यानं काय केलं ते मला ठावं हाय रं. इंग्रजीत कसं म्हणू?”