बुडालेली 'वीजळी'

हाजी कासमच्या 'वीजळी'चे गुजराती लोकगीत आपणा सुरतकर मराठी मंडळींपैकी अनेकांनी शेजाऱ्यांकडून ऐकले असेल. विजेच्या दिव्यांमुळे हे टोपणनाव मिळालेली 'वैतरणा' आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छ-मांडवीहून मुंबईस निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात उतारूंसह नाहीशी झाली. तीत लग्नाची वऱ्हाडे होती, मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेली मुले होती. मृत ७०० च्या वर असावेत. लोकस्मृती १३०० सांगते. या अतिशयोक्तीबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना प्रेतही मिळाले नाही, त्यांचे दुःख आकड्यात मावावे कसे? खटकते ते निराळेच. बोटीवर जीवरक्षक साधने अपुरी होती, असे चौकशीत आढळले. लोककथेत मात्र दोष समुद्राचा आणि कप्तानाच्या हट्टाचा. मृत्यूचे कारण नोंदविणे हे आपल्या व्यवसायाचे रोजचेच काम. तेव्हा मुलांना गीत ऐकवताना ही नोंदही सांगावी.