खरेदीपूर्वीचा विचार

मनुष्याची परीक्षा संकटात होते असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु मला वाटते, तशीच ती बाजारातही होते. आणि बाजारातील परीक्षेत आपण अधिक वेळा नापास होतो. संकटात मनुष्य सावध असतो. बाजारात तो आनंदात असतो, आणि आनंदाच्या भरात विचार करण्याचे राहून जाते. हे मी कोणा थोरामोठ्याच्या चरित्रावरून सांगत नाही. माझ्या भाच्याला एक लॅपटॉप घ्यायचा होता, त्या साध्या गोष्टीवरून सांगत आहे.

माझे बिऱ्हाड नांदेडला आहे. धाकटी बहीण लातूरजवळच्या एका खेड्यात असते. तिच्या घरची सहा एकर कोरडवाहू शेती आहे. तिचा मुलगा २०२५ च्या पावसाळ्यात नांदेडला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात दाखल झाला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामा-भाचे एस. टी. ने लातूरला निघालो. त्याला घरची ओढ होती, आणि मला भाऊबीजेला बहिणीकडे जायचे होते. गाडीत गर्दी फार. भाच्याने एक जाडजूड पिशवी मांडीवर जपून धरली होती.

"त्यात काय आहे रे?" मी विचारले.

"मित्राचा लॅपटॉप आहे, मामा. आईला दाखवायला नेत आहे. मलाही असाच हवा आहे. तुम्ही आईला सांगाल का? अभ्यासासाठी अगदी आवश्यक आहे."

"किंमत काय?"

"चौसष्ट हजार."

"चाळीस हजारांतही लॅपटॉप मिळतात, असे मी ऐकतो. मग अभ्यासासाठी हाच का?"

यावर तो त्या यंत्राचे गुण सांगू लागला. व्हिक्टस, नायट्रो, टफ अशा नावांचे जे खेळाचे लॅपटॉप बाजारात येतात, त्यांच्याच जातीचा हा होता. पडद्यावरील चित्रे भराभर रेखाटण्यासाठी अशा यंत्रात ग्राफिक्स कार्ड नावाचा स्वतंत्र भाग असतो. त्याचा पडदा एका सेकंदात एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलू शकतो. भाचा मोठ्या उत्साहाने बोलत होता. मी मध्येच विचारले, "पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला हे सर्व लागते का?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. काही वेळाने हळूच म्हणाला, "नाही लागत, मामा. त्यावर खेळ फार चांगले चालतात. पण खेळासाठी म्हटले, तर आई घेऊ देणार नाही. म्हणून अभ्यासाचे नाव सांगतो."

मला त्याचा राग आला नाही. दिवसभर अभ्यास केलेल्या मुलाला घटकाभर खेळावेसे वाटले, तर तो काही अपराध नव्हे. आम्ही विटीदांडू खेळलो; ही मुले पडद्यावर खेळतात. परंतु एक गोष्ट मला खटकली. खोट्या कारणासाठी घेतलेली वस्तू खऱ्या गरजेला उपयोगी पडेलच, याचा भरवसा नसतो. आपण "अभ्यासासाठी" असे म्हटले की घरची माणसे पुढे काही विचारीत नाहीत; पोटाला चिमटा घेऊन पैसे काढून देतात. जे प्रश्न विचारायला हवेत, ते मग तसेच राहून जातात.

एवढ्यात लोहा मागे पडले आणि माळेगाव आले. येथे मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि जनावरांचा मोठा बाजार बसतो. मी भाच्याला म्हणालो, "तुझ्या आजोबांनी याच बाजारात बैल घेतला होता. मी तेव्हा तुझ्याहून लहान होतो." आणि ती हकिकत मी त्याला सांगितली.

बाजारात एक उंचापुरा, झुलीने सजवलेला बैल होता. दलाल त्याची तोंड भरून स्तुती करीत होता, आणि मी आबांचा हात धरून "हाच घ्या, हाच घ्या" असा हट्ट करीत होतो. आबांनी बैलाचे दात पाहिले, खूर पाहिले, त्याला चालवून पाहिले. मग त्यांनी विचारले, "हा खातो किती?" दलालाने सांगितलेले उत्तर ऐकून ते तेथून निघाले. पुढे जाऊन त्यांनी एक मध्यम बांध्याचा लाल कंधारी बैल घेतला. परतताना मी रुसून बसलो होतो. तेव्हा आबा म्हणाले, "तो बैल वाईट नव्हता रे. पण आपल्या रानाला आणि आपल्या गंजीतल्या कडब्याला तो झेपणारा नव्हता."

नांदेड जिल्ह्यातील कंधार भागाचा लाल कंधारी बैल उन्हात राबणारा आणि साध्या वैरणीवर तग धरणारा म्हणून ओळखला जातो. लातूर जिल्ह्यातील देवणी जातीची गाय दूध देते आणि तिचे गोऱ्हे शेतीकामालाही चांगले निघतात. म्हणजे एकाच जातीकडून दोन कामे होऊ शकतात. खेळ आणि रोजचे काम ही दोन्ही एकाच यंत्रावर करू इच्छिणाऱ्या माणसाची अपेक्षाही अशीच असते, आणि ती चुकीची नाही. मात्र दोन कामांसाठी जनावर घेणाऱ्याने दोन्ही कामांचा हिशेब करायला हवा.

योगायोग असा की, आबांनी जसा बैल चालवून पाहिला, तसा तो लॅपटॉपही आमच्याकडून आपोआप पारखला गेला. लातूरला उतरेपर्यंत भाच्याची मांडी अवघडून गेली. अशा यंत्राचे वजन सव्वादोन ते अडीच किलो असते. त्याला वीज पुरवणारी जड वीट वेगळी. रोज वसतिगृहातून वर्गात आणि महिन्याकाठी नांदेडहून लातूरला हे ओझे वाहायचे होते.

सायंकाळी भाच्याने आईला खेळ दाखवला. बहीण कौतुकाने पाहत होती. इतक्यात वीज गेली. खेळ चालू राहिला, पण त्याचा वेग मंदावला. आणि पाऊण तासात पडदा काळा झाला. यात यंत्राचा दोष नव्हता. तो साधा गुणाकार-भागाकार होता. बॅटरीत ६० वॅट-तास इतकी वीज साठते असे धरा. लिहिण्यावाचण्यासारख्या कामाला यंत्र ताशी १५ वॅट-तास वीज घेत असेल, तर ते चार तास चालेल. खेळताना ते ८० वॅट-तास घेऊ लागले, तर पाऊण तासच चालेल. म्हणून अशा यंत्रावरचा खरा खेळ भिंतीतील विजेवरच खेळावा लागतो. जेथे वीज वारंवार जाते, तेथे हे आधी जाणून घ्यायला हवे.

दुसरा हिशेब उन्हाचा. यंत्र जितकी वीज घेते, तिची अखेर उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी आत पंखे असतात. पण ते भोवतालचीच हवा आत घेतात. बहुतेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावेत, असे ते बनवणारेच सांगतात. आमच्या नांदेडला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी खेळायला बसले, तर पंखे कितीही फिरले तरी तापलेलीच हवा आत येणार. यंत्र मग स्वतःला जपण्यासाठी आपला वेग कमी करते. ज्या वेगासाठी जास्त पैसे मोजले, तोच वेग अशा वेळी हाती लागत नाही.

तिसरा हिशेब माझ्या बहिणीने केला. ती कागद-पेन्सिल घेऊन बसली. २०२५-२६ या वर्षासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तेवढा भाव पदरात पडला, तरी ६४,००० रुपये म्हणजे १२ क्विंटल सोयाबीन. ४०,००० रुपये म्हणजे साडेसात क्विंटल. आणि त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील पिके पाण्याखाली गेली होती. तिच्या सहा एकरांतील निम्म्याहून अधिक सोयाबीन शेतातच कुजले होते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ज्या बायांनी एकेक हंडा मोजून वापरला, त्यांपैकीच ती एक. मोजून खर्च करणे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

भाच्याने मान खाली घातली आणि मला गाडीत सांगितलेली खरी गोष्ट आईलाही सांगितली. मला वाटले, ती रागावेल. पण ती एवढेच म्हणाली, "खेळावेसे वाटते, तर तसे सांगायचे. मी कुठे खेळू नकोस म्हणते? पण बारा क्विंटल कशासाठी देते आहे, ते मला ठाऊक असायला नको का?"

या प्रश्नातच माझे मत आले आहे. महाग यंत्र घेणे वाईट, असे मी म्हणत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी हलती चित्रे तयार करण्याचे शिक्षण घेते. ग्राफिक्स कार्ड हीच तिची लेखणी आहे. तिच्यासाठी असाच लॅपटॉप घेणे शहाणपणाचे ठरले. त्यावर ती सुट्टीच्या दिवशी खेळतेही. भाच्याच्या पहिल्या वर्षाचे काम निराळे होते. टिपणे, आकडेमोड, प्रोग्राम लिहिण्याचा सराव, आणि आठवड्यातून एक-दोनदा खेळ. यंत्र तेच, पण एकीला ते योग्य होते आणि दुसऱ्याला नव्हते. म्हणून "हा लॅपटॉप चांगला आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. "माझ्या कामाला, माझ्या गावाच्या हवेला आणि माझ्या घराच्या मिळकतीला तो चांगला आहे का?" असे विचारले पाहिजे.

भाच्याने सुट्टी संपल्यावर चाळीस हजारांचा हलका लॅपटॉप घेतला. पुढे गरज पडल्यास त्याची स्मरणशक्ती वाढवता यावी, एवढे मात्र त्याने दुकानात खात्री करून पाहिले. साधे खेळ त्यावर चालतात. मोठे खेळ तो रविवारी मित्राच्या खोलीवर जाऊन खेळतो. तो यात पूर्ण सुखी आहे, असे मी म्हणणार नाही. मित्राचा लॅपटॉप पाहिला की त्याचे डोळे अजूनही चमकतात. माळेगावच्या त्या झुलीच्या बैलाची आठवण माझ्याही मनातून अद्याप गेलेली नाही. मनातील इच्छा अशी एका दिवसात जात नाही, आणि तिने जावे असेही नाही.

बालमित्रांनो, तुम्हीही उद्या घरी काहीतरी मागाल. कोणी सायकल मागेल, कोणी मोबाइल, कोणी लॅपटॉप. मागताना लाजू नका. मात्र ती वस्तू कशासाठी हवी, हे आधी स्वतःला खरे सांगा आणि मग आईवडिलांना खरे सांगा. त्यानंतर सर्वांनी मिळून हिशेबाला बसा. अशा हिशेबातून कधी "घे" असे उत्तर येईल, तर कधी "आता नको" असे येईल. उत्तर कोणतेही आले, तरी ते तुमच्या घराने खरेपणाने मिळवलेले असेल.